विकलेला दुवा

कानवाल्यांच्या दुकानात बोलण्याची एक रीत होती. समोरच्याला आपला चेहरा पूर्ण दिसेल असे बसायचे, ओठांवर हात न्यायचा नाही, वाक्य संपेपर्यंत मान फिरवायची नाही आणि काही झाले तरी आवाज चढवायचा नाही. ऐकण्याची यंत्रे बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात उमेदीची सारी वर्षे गेल्यामुळे ही रीत त्यांच्या अंगात मुरली होती. घरीही ते तसेच बोलत. "माझ्याशी बोलताना तरी जरा इकडेतिकडे बघा," त्यांची बायको म्हणे. "तुम्ही सांगताय आमटीत मीठ कमी आहे, आणि मला वाटतं माझी तपासणी चाललीय."

दुकान एका चष्मेवाल्याच्या वरच्या मजल्यावर होते. अरुंद जिना चढून गेले की बाहेरच्या खोलीत एक टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, डाग देण्याची बारीक सळई, कानाच्या पोकळीचे घेतलेले गुलाबी साचे आणि मुगाच्या दाण्याएवढ्या बॅटऱ्यांचा ट्रे. आतल्या खोलीत कपाटासारखी एक लाकडी पेटी होती. तिच्या भिंतींना जाड फोम लावलेला होता आणि दाराला दुहेरी काच होती. माणसाने तिच्यात बसायचे, डोक्यावर हेडफोन चढवायचा आणि कानात आवाज आला की हातातले बटण दाबायचे. काचेबाहेर कानवाले यंत्राची चकती फिरवत, आणि बटण दाबले गेले की समोरचा छोटा दिवा लागे. नवे यंत्र घेऊन जाणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात तक्रार करी की भांड्यांचा आवाज फार होतो, आपलाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. त्या प्रत्येकाला कानवाले एकच वाक्य सांगत: "धीर धरावा, कान सावरतो." हे वाक्य खरे होते. न ऐकण्याची सवय झालेल्या कानाला ऐकण्याची सवय व्हायला वेळ लागतो.

ऐकू न येणारा माणूस फोन उचलून कुणाला काही विचारू शकत नाही. चारचौघांत विचारले तर उत्तर अर्धेच कळते, आणि तिसऱ्यांदा 'परत सांगा' म्हणण्यापेक्षा तो समजल्यासारखी मान डोलावतो. म्हणून लिहिलेल्या शब्दावर त्याचा भरवसा इतरांहून अधिक असतो. हे कानवाल्यांच्या लवकर लक्षात आले, आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची उत्तरे ते एका संकेतस्थळावर लिहू लागले. यंत्र शिट्टी का वाजवते, पावसात भिजले तर काय करावे, लहान मुलाच्या कानातून ते सारखे का निसटते, अशी साधी उत्तरे. त्यांतला एक लेख मात्र त्यांनी फार काळजीपूर्वक लिहिला होता. एका कानाचे ऐकणे अचानक गेले तर एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण पहिले काही दिवस हातातून गेले की उपचाराचा उपयोग उरत नाही, असे त्यात होते. कानांचे डॉक्टर तो लेख रुग्णांना वाचायला देत. कर्णबधिर मुलांच्या शाळांनी आपापल्या पानांवर त्याच्याकडे जाणारा दुवा, म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात लिंक म्हणतो ती, दिली होती. यासाठी कुणी कुणाला काही दिले-घेतले नव्हते.

या दुव्यांना एक अर्थ होता, आणि तो कानवाल्यांना एका परक्या माणसाने समजावला. त्या माणसाचे पहिले पत्र अतिशय नम्र होते. 'आपल्या वाचनीय स्थळावर आमचा एक लेख प्रसिद्ध करण्याची संधी द्यावी, योग्य मानधन दिले जाईल.' नंतर फोनवर त्याने खुलासा केला. इंटरनेटवर माहिती शोधून देणारे शोधयंत्र पाने वाचते, पण त्यांतले खरे-खोटे त्याला कळत नाही. कोणत्या पानाकडे किती भरवशाची पाने बोट दाखवतात एवढे ते पाहते, आणि त्यावरून कुणाला वर ठेवायचे ते ठरवते. "तुमच्या पानाला वजन आहे, सर. तुम्ही बोट दाखवलंत की ते पान वर सरकतं. आम्हाला फक्त तुमचं बोट हवंय."

त्याच सुमारास तपासणीचे यंत्र प्रमाणित करून घेण्याचा खर्च दारात उभा होता, आणि गिऱ्हाईक स्वस्त यंत्रे टपालाने मागवू लागले होते. कानवाल्यांनी जुगाराचे आणि कर्जाचे लेख साफ नाकारले. उशांचा घेतला, आवाज अडवणाऱ्या पडद्यांचा घेतला. त्या माणसाचे नाव घरात 'लिंकवाला' पडले.

"तुम्ही कानवाले, तो लिंकवाला," बायको म्हणाली. "बरी जोडी जमली. पण पैसे घेऊन छापलंय असं खाली लिहायला काय हरकत आहे?"

"त्याला चालत नाही. तसं लिहिलं तर शोधयंत्र ती लिंक धरत नाही."

"म्हणजे लेख छापायचे पैसे नाहीत ते. न सांगण्याचे आहेत."

"तू पण ना. उशीचा लेख आहे तो."

"उशीचा आहे म्हणून तर विचारते. लपवण्यासारखं काय असतं हो उशीत?"

मनाच्या समाधानासाठी कानवाल्यांनी स्वतःपुरता एक नियम केला. आलेला लेख जसाच्या तसा छापायचा नाही. त्यातली बढाई काढायची, 'हमखास' आणि 'चमत्कारी' हे शब्द काढायचे, वाक्ये सरळ करायची. ते हे काम मनापासून करीत. आलेल्या लेखांची भाषा इतकी ओबडधोबड असे की बहुतेक वाक्ये त्यांना नव्याने लिहावी लागत. लिंकवाला खूष असे. "सर, तुमच्या हातून गेलं की लेखाला जीव येतो." लेखातला दुवा मात्र त्यांनी कधी उघडून पाहिला नाही. भिंत आपली, तिच्यावरचा खिळा आपण तपासला, खिळ्याला कोण काय टांगतो हा त्याचा प्रश्न, अशी काहीशी त्यांची समजूत होती. हा माणूस एरवी बॅटरी विकतानाही तिच्यावरची तारीख भिंगाखाली धरून पाहत असे.

कानांत घालण्याच्या थेंबांचा लेख असाच आला. कानात दडा बसल्यासारखे वाटते, आत गुणगुण होते, त्यावर एका औषधी तेलाचे थेंब. कानवाल्यांनी 'बहिरेपणा मुळापासून बरा' हे वाक्य खोडले. 'तज्ज्ञांनी थक्क होऊन मान्य केलेले' हेही खोडले. शेवट फारच उथळ वाटला, तेव्हा त्या जागी त्यांनी हाताला आलेले, वर्षानुवर्षे जिभेवर असलेले वाक्य लिहिले: 'काही दिवस धीर धरावा, कान सावरतो.' लेख आता सभ्य दिसत होता. त्यांनी तो चढवला आणि विसरून गेले.

कानवाल्यांची थोरली बहीण त्याच शहरात बस-स्थानकाच्या चौकशी खिडकीवर काम करी. आईवडील लवकर गेल्यावर तिने पहिल्याच पगारापासून भावाच्या शिक्षणाला हातभार लावला होता. नवरा गेल्यापासून ती स्थानकामागच्या दोन खोल्यांत एकटी राहत होती. खिडकीतली तिची ख्याती अशी की गर्दीत चौघांनी एकदम चार गावांची नावे घेतली तरी ती चौघांना चार फलाट सांगे, आणि चुकत नसे. एक लॉजवाला बरीच वर्षे तिला सकाळचा चहा पाठवी. रात्रीच्या गाडीने उतरलेल्या माणसांना तिने आपल्याकडे धाडावे, एवढीच त्याची अपेक्षा. "चहा चांगला असायचा रे," ती सांगे. "मी रोज प्यायचे, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, चादरी बघून घ्या. शेवटी चहा बंद झाला, पण चादरी बदलल्या."

एके दुपारी ही ताई दुकानात आली. कानवाले टेबलापाशी एका यंत्राच्या तारेला डाग देत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "आज सुट्टी का गं?" ती दाराशीच उभी राहून खोलीत पाहत राहिली, आवाज कुठून आला ते शोधत असल्यासारखी, उजवा कान पुढे करून. त्यांच्या दुकानात अशी माणसे रोज येत. तसे पाहणे त्यांनी हजारदा पाहिले होते. हातातली सळई त्यांनी खाली ठेवली.

"ताई, इकडे बघ. डावा कान कसा आहे?"

"कान ना? दडा बसलाय जरा. बरा होतोय." ती खुर्चीवर बसली. "त्यासाठी नाही आले. वार्षिक तपासणी आहे आमची, डोळे, कान, सगळं. म्हटलं आधी तुझ्याकडे बघून घ्यावं. खिडकीवर बसायचं तर कान लागतो."

त्यांनी तिला पेटीत बसवले. उजवा कान वयाच्या मानाने उत्तम होता. डाव्या कानाच्या वेळी मोठ्या आवाजाला दिवा लागला, आणि क्षणभर त्यांना बरे वाटले. पण एका बाजूचा मोठा आवाज कवटीच्या हाडातून पलीकडच्या कानापर्यंत जातो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी उजव्या कानात नुसता खरखराट सोडला, त्याला गुंतवून ठेवण्यासाठी, आणि डाव्या कानात पुन्हा आवाज दिला. दिवा लागला नाही. त्यांनी चकती वाढवली. काचेपलीकडे ताई गंभीर चेहऱ्याने, शाळकरी मुलीसारखी ताठ बसली होती, अंगठा बटणावर तयार होता. चकती शेवटपर्यंत गेली. ताईने अंगठा हलवला नाही. उलट भुवया उंचावून तिने विचारले की सुरू कधी करणार.

कानवाल्यांनी दार उघडले. "केव्हापासून?"

"महिना होत आला असेल. एका सकाळी उठले तर असं. आत शिट्टी वाजतेय नुसती."

"महिना." त्यांनी तिच्या हातातून हेडफोन घेतला. "महिनाभर तू मला सांगितलं नाहीस?"

"सांगायचं काय त्यात? फोन केला असता तर तू हेच म्हणाला असतास."

"काय म्हणालो असतो?"

ताईने पर्समधून एक छोटी बाटली काढून टेबलावर ठेवली. "धीर धरावा, कान सावरतो. तूच लिहिलंयस ना? मी आधी शोधलं तर पहिल्यांदा त्या थेंबांचंच पान आलं. मला काही खरं वाटेना, असल्या जाहिराती काय कमी असतात. मग तुझ्या पानावर गेले, तिथेही तेच थेंब. तरी म्हटलं तू कशाला असलं लिहिशील. पण शेवटी तुझं वाक्य होतं. इथे बसून शंभर वेळा ऐकलंय मी ते. ते काय दुसऱ्या कुणाचं असणार?"

बाटलीवरचे नाव कानवाल्यांनी वाचले. ते नाव त्यांनी स्वतःच्या हाताने, नीट अक्षरे तपासून, आपल्या स्थळावर चढवले होते. त्या घटकेला ते ताईला हे सांगू शकले नाहीत. त्यांनी दुकानाला कुलूप लावले आणि तिला कानांच्या डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी तपासले, पुन्हा तपासले. "गोळ्या देऊन बघतो," ते म्हणाले, "पण खोटी आशा देत नाही. पहिल्या आठवड्यात आल्या असतात तर गोष्ट वेगळी होती." मग कानवाल्यांकडे वळून त्यांनी आवाज जरा खाली आणला. त्यांना उगाच बहिणीला दुखवायचे नव्हते. "नवल वाटतं. तुमचाच लेख मी सगळ्यांना वाचायला देतो. एक दिवसही थांबू नका, तो. आणि तुमच्या घरात..."

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. त्याची गरजही नव्हती.

दुकानात परत आल्यावर कानवाल्यांनी संगणकासमोर बसून, एका सकाळी अचानक ऐकू येईनासे झालेला माणूस जे शब्द लिहील ते लिहिले. सर्वांत वर थेंबांचे पान होते. त्याखाली त्याच थेंबांची स्तुती करणारी आणखी पाने. त्यांचा स्वतःचा लेख, जो शाळांनी आणि डॉक्टरांनी बिनमोबदला उचलून धरला होता, तो पहिल्या पानावर कुठेच नव्हता. तो पुढच्या पानाच्या तळाशी सापडला. एकदा वाटले की आपण चुकीचे शब्द लिहिले. त्यांनी शब्द बदलून पाहिले. क्रम तोच राहिला. स्वतःच्या हाताने त्यांनी स्वतःचे खरे वाक्य खाली ढकलले होते, आणि ते ढकलण्यासाठी वजनही त्याच खऱ्या वाक्याने मिळवलेले वापरले गेले होते. ही गोष्ट कळायला अवघड नव्हती. पण ती कळूनही पटत नव्हती.

मग त्यांनी तो दुवा प्रथमच उघडला. पांढरा कोट घातलेला एक हसरा माणूस, बाटलीचे चित्र, 'थोडा बहिरेपणा असो वा पूर्ण', 'धीर धरा, वापर थांबवू नका'. आणि खाली चौकटीत: 'कानांच्या क्षेत्रातील नामांकित संकेतस्थळाने दखल घेतलेले.' चौकटीत त्यांच्याच दुकानाचे चिन्ह होते, ते गुलाबी कानाच्या साच्याचे चित्र. ते त्यांनी हौसेने काढून घेतले होते.

लिंकवाल्याने फोन लगेच उचलला. त्याचा आवाज नेहमीसारखाच अदबशीर होता.

"काढायची आहे? काढा ना सर, तुमचं पान आहे. कराराप्रमाणे मानधन तेवढं परत करावं लागेल."

"माझ्या बहिणीचा कान गेला आहे."

"अरे. वाईट झालं, सर." तो खरोखरच क्षणभर थांबला. "पण सर, थेंबांनी काही कान जात नाही. नुसतं तेल आहे ते, काही अपाय नाही त्यात."

"थेंबांनी नाही गेला. वाट बघण्याने गेला."

"त्या वाट बघण्याचं, सर," लिंकवाला म्हणाला, आणि त्याच्या स्वरात कुत्सितपणा नव्हता, केवळ माहिती होती, "ते वाक्य आमच्या लेखात नव्हतं. मूळ प्रत आहे माझ्याकडे. ते तुम्ही घातलंत."

कानवाल्यांनी फोन ठेवला. नियमाच्या आधारे आपण वाचलो असे ज्याला वाटत होते, त्याला त्या नियमानेच गाठले होते. ओबडधोबड लेख तसाच छापला असता तर ताईने तो एका नजरेत ओळखून हसून सोडून दिला असता. खोट्याला सभ्य करण्याचे काम बाहेरच्या कुणी केले नव्हते. बढाई काढल्यामुळे ते विश्वासार्ह झाले, आणि ओळखीच्या वाक्याने ते घरचे झाले. अप्रामाणिक माणसाला हे जमले नसते. त्यासाठी प्रामाणिक माणसाचा हातच लागतो, आणि बाजाराला हे चांगले ठाऊक असते.

घरी त्यांनी बायकोला सगळे सांगितले. ती उशीच्या लेखावरून बोलली होती ते आठवून काही तरी म्हणेल, असे त्यांना वाटले होते. ती म्हणाली नाही. "ताईंना सांगितलंत?" एवढेच तिने विचारले.

"लेख काढून टाकतो आधी. मग सांगतो."

"आधी सांगा. मग काढा."

ताईच्या स्वयंपाकघरात ते सवयीने तिच्या डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसले, लहानपणापासून बसत तसे. त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि ती गॅसवरच्या भांड्याकडे पाहत राहिली. चार वाक्ये झाल्यावर तिने सहज मान वळवली तेव्हा त्यांचे ओठ हलताना तिला दिसले.

"काही बोलतोयस का? या बाजूला ये बघू."

ते उठून उजवीकडे गेले आणि पुन्हा पहिल्यापासून बोलले. ताईने भांड्याखालची आच बंद केली. खिडकीवरच्या माणसाला विचारावे तसे तिने एकेक विचारले.

"लेख तू लिहिला नाहीस?"

"नाही. दुरुस्त केला."

"पैसे घेतलेस?"

"हो."

"औषध बघितलंस?"

"नाही."

"निदान ते पान तरी उघडून बघितलंस?"

"नाही, ताई."

मग ताई म्हणाली, "म्हणजे फलाट बघितला नाहीस आणि गाडी सांगितलीस." तिच्या तोंडी याहून कठोर शब्द त्यांनी आयुष्यात ऐकला नव्हता. लॉजवाल्याच्या चहाचा उल्लेख तिने केला नाही. तो दोघांनाही आठवत होता.

"मी आजच काढतो तो लेख," कानवाले म्हणाले. "त्याचा मागमूस ठेवत नाही."

"मागमूस ठेवणार नाहीस?" ताईने त्यांच्याकडे नीट पाहिले. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच राग दिसला. "मग माझा कान कशाने गेला? हवेने? अरे, आमच्याकडे गाडीची वेळ चुकीची लागली तर पाटी उतरवून पळून जात नाहीत. चूक होती असं लिहितात, त्याच पाटीवर. ज्याने आधी वाचलं त्याला कळायला नको?"

म्हणून लेख तिथेच राहिला. दुवा काढला गेला, आणि लेखाच्या वर, अक्षरे मोठी करून, कानवाल्यांनी लिहिले की हा मजकूर पैसे घेऊन छापला होता, ते वाचकांपासून लपवले होते, यातला सल्ला चुकीचा आहे, आणि तो मानल्यामुळे एका बाईचा डावा कान कायमचा गेला आहे. उशा आणि पडद्यांच्या लेखांवरही त्यांनी तसे लिहिले. मानधन परत गेले. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी दुकानात येऊन आपली यंत्रे तपासायला दुसरीकडे नेणार असल्याचे सांगितले. कानवाल्यांनी त्यांना दुसऱ्या दुकानाचा पत्ता लिहून दिला.

ताईची वार्षिक तपासणी झाली. काचेमागच्या खिडकीत, ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटात, एका कानाने कोण काय विचारते ते वेगळे करता येत नाही. तिला खिडकीवरून उठवण्यात आले.

"कुठे बसवलं?" कानवाल्यांच्या बायकोने विचारले.

"हरवलेल्या सामानाच्या खोलीत," ताई म्हणाली. "छत्र्या आहेत, डबे आहेत, एकाचे तर दात आहेत. वेळ मिळाला की कान शोधते तिथे."

कानवाल्यांची बायको हसली, आणि हसता हसता तिला रडू आले. ताईने तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुवा काढला की थेंबांचे पान खाली येईल, अशी त्यांची कल्पना होती. काही आठवडे गेल्यावर ताईने आपल्या संगणकावर तेच शब्द लिहून पाहिले आणि भावाला बोलावले. ते पान जिथल्या तिथे, सर्वांत वर होते. कानवाल्यांनी खुर्ची ओढली, सवयीने डाव्या बाजूला, मग उठून ती उजवीकडे आणली.

त्यांनी बसून शोधले तेव्हा कळले की त्या पानाकडे बोट दाखवणारे ते एकटे नव्हते. अशी किती तरी पाने होती, आणि त्यांतले एकही एखाद्या लबाडाचे वाटत नव्हते. बागकामाची माहिती देणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचे एक होते, सायकलस्वारांच्या एका मंडळाचे एक, आणि आजारी आईची काळजी घेणाऱ्या एका मुलाचे एक, त्यातले लेखन तर वाचवत नव्हते इतके खरे होते. प्रत्येकाने मधेच कुठे तरी कानांवर एक लेख छापला होता, आणि प्रत्येक लेख स्वच्छ, सरळ, बढाई नसलेला होता. ते सगळे हात कानवाल्यांना ओळखू येत होते.

ताईच्या सांगण्यावरून त्यांनी सगळ्यांना ईमेलने पत्रे लिहिली, काय झाले ते न लपवता. बहुतेकांनी उत्तर दिले नाही. बागकामवाल्या बाईंचे उत्तर मात्र दुसऱ्याच दिवशी आले, आणि ते अत्यंत सौजन्याचे होते. ताईने त्याची छापील प्रत मोठ्याने वाचायला सांगितली, उजव्या कानाशी.

"'आपल्या भगिनींबद्दल वाचून मनापासून वाईट वाटले,'" कानवाल्यांनी वाचले. "'तथापि मी निःसंकोचपणे सांगू शकते की कोणताही लेख मी निष्काळजीपणे छापत नाही. सदर लेखही मी स्वतः बारकाईने तपासला होता. त्यातली अतिशयोक्ती काढली, भाषा बरीच सुधारली. लिंक उघडून पाहण्याचे मात्र काही प्रयोजन वाटले नाही.'"

कानवाल्यांनी कागद खाली ठेवला. त्यांना वाटले ताई चिडेल. ती चिडली नाही. ज्याला चुकीच्या फलाटावर बसवले गेले आहे आणि ते अजून कळलेले नाही, अशा माणसाकडे ती खिडकीतून पाही, तसे तिने त्या पत्राकडे पाहिले.

"कागद घे," ती म्हणाली. "यांना सांगायला पाहिजे."

"सांगितलं ना आपण सगळं."

"नाही रे. तू काय केलंस ते सांगितलंस. मला काय झालं ते सांग. त्या दिवशी सकाळी मी उठले आणि चहाचं भांडं ठेवलं, तिथपासून लिही. रोज किती थेंब घालत होते, रोज काय वाटायचं बरं होतंय म्हणून, ते सगळं. बाई झाडांवर इतकं नीट लिहितात, त्यांना समजेल." तिने खुर्ची आणखी जवळ घेतली, उजवा कान त्यांच्याकडे करून. "आणि हे बघ, लिहून झालं की मला वाचून दाखव. माझं वाक्य सुधारू नकोस."